माझा हॉल आणि त्यांचा गेंडा

३ फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या बाईंनी आज चहा दिला. कपबशीत. वर बिस्किट! तेव्हाच ओळखलं. या बाई शिपायाला पाणी आणायला सांगतानाही दोनदा विचार करतात. चहा पाजतायत म्हणजे काहीतरी काढून घेणार.

हॉलच काढून घेणार आहेत.

माझा हॉल. सगळे त्याला खेळाचा हॉल म्हणतात, पण कुलूप मी लावते, खिडक्या मी पुसून घेते, जमिनीची कुठली फळी करकरते ते मला ठाऊक — म्हणजे माझाच. शाळेला मैदान नाही. होतं तिथे आता शिक्षकांच्या गाड्या उभ्या असतात, त्यात मोठ्या बाईंची सगळ्यात आडवी. धावणं, उड्या, दोर, बॅडमिंटन, जे काही आहे ते या चार भिंतींत. आणि आता कोणी एक देणगीदार सापडलाय. फरश्या बनवतो. त्याला शाळेत रोबोंची प्रयोगशाळा करून द्यायची आहे, दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावून. अट एकच — या महिन्याची विभागीय स्पर्धा आपल्या रोबो संघाने जिंकायची. जिंकले तर हॉल प्रयोगशाळेला. हरले तर देणगीदार दुसरी शाळा बघणार आणि हॉल माझ्याकडेच राहणार.

"मग हरू देत की," मी म्हणाले. तोंडातून निसटलंच.

मोठ्या बाई गोड हसल्या. त्या गोड हसल्या की समोरच्याने खुर्ची घट्ट धरावी. म्हणाल्या, "गेल्या वर्षी हरले ते पिटमुळे. दोन फेऱ्यांच्या मधे रोबो आणून दुरुस्त करतात ना, त्या जागेला पिट म्हणतात. तिथे यांचा नुसता गोंधळ. शिस्त लावणारं कोणीतरी हवं. तुमच्याइतकी शिस्त कुणाला जमते, बाई?"

म्हणजे माझा हॉल जावा म्हणून कुणीतरी झटायला हवं, आणि ते मी!

बिस्किट मात्र खाल्लं. सोडायचं कशाला?

४ फेब्रुवारी, मंगळवार

रोबो पाहिला. मुलं त्याला गेंडा म्हणतात. नाव चपखल आहे. बुटका, रुंद, सहा चाकं, पुढे एक लांब हात. जमिनीवर पडलेले चेंडू हाताने उचलायचे आणि उंच टोपलीत टाकायचे, हे त्याचं आयुष्यातलं एकमेव काम. आमच्या पाचवीच्या पोरी हेच काम बॅटरीशिवाय करतात.

रोबोवाले सर हडकुळे, खिशाला चार पेनं, त्यातलं एकही उठत नाही. मी मनातल्या मनात त्यांचं सर्किट सर असं बारसं केलं. त्यांनी मला पिटचा सराव दाखवला. सराव कसला! सरांनी "चला" म्हटल्याबरोबर नऊ मुलं गेंड्यावर तुटून पडली. एक जण चाक काढतोय, दुसरा तेच चाक घट्ट करतोय. एका स्क्रूला दोन पेचकस. रोबो चालवणारा मुलगा बाजूला उभा — गळ्यात रिमोट, नाक छताला, याचं नाव नवाब — आणि तो तिथून सगळ्यांना हुकूम सोडतोय. तेवढ्यात कोणीतरी बटण दाबलं. गेंड्याचा हात फाडकन वर आला आणि सरांचा चष्मा उडाला.

"गेल्या वर्षी एकाचं बोट चेमटलं होतं," सर जमिनीवर चाचपत म्हणाले. "त्या मानाने खूप सुधारणा आहे."

चष्मा उचलून दिला.  मी बोलायला लागले असते तर थांबले नसते.

५ फेब्रुवारी

यांना सगळं सांगितलं. हे एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवतात. कुणाचीतरी खालची कवळी हातात होती, ती घासता घासता म्हणाले, "अगं, पण तुला जिंकायचंय की हरायचंय?" म्हटलं, बघू. म्हणाले, "बघू हे काही उत्तर नाही." ज्याच्या हातात दुसऱ्याचे दात, त्याला बोलायला काय जातंय!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सर्किट सरांच्या नऊच्या नऊ मुलांना पिटचा प्रमुख व्हायचंय. पाना आणून द्यायला एकही तयार नाही. मी सरळ सांगून टाकलं — तुम्ही गेंडा बनवा, त्याच्या डोक्यात काय भरायचं ते भरा, पण पिटमध्ये पाऊल टाकायचं नाही. पिटमध्ये माझी माणसं.

माझी माणसं तीन. तोफ — आठवीतला. कुजबुजला तरी शेजारच्या वर्गातले शिक्षक दार लावून घेतात. पण मनगटात जोर आहे, बोल्ट त्याच्याकडे. वकील — प्रत्येक वाक्याची सुरुवात "पण बाई" अशी. त्याला तपासायला ठेवलं. आता त्याचं "पण बाई" गेंड्याला ऐकू दे, माझे कान सुटले. आणि तिसरी गोगलगाय.

"ही?" सर्किट सर म्हणाले. "बाई, ही प्रार्थनेला येऊन उभी राहते तेव्हा प्रार्थना संपलेली असते!"

खोटं नाही. नववीतली पोरगी, चालते हळू, बोलते त्याहून हळू, बहुतेक वेळा बोलतच नाही. ती शाळेत कशासाठी येते हे तिच्या आईलाही सांगता येणार नाही, पण मला येईल. हॉलच्या छताला जाड दोर टांगलाय, त्यासाठी येते. मधल्या सुट्टीत सगळे खाली हुंदडत असतात तेव्हा ही दोरावर चढते. सावकाश. एक हात, मग दुसरा हात. पण आजवर कधी निसटली नाही. वर पोचली की थोडा वेळ तिथेच बसून आमच्याकडे बघते, जणू आम्हीच कुठेतरी अडकून पडलोय.

बॅटरी तिच्याकडे दिली. सरांनी कपाळाला हात लावला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून सराव. पहिला नियम — शिट्टी वाजली की हात वर, एक पाऊल मागे. हातात काय आहे, बोल्ट किती फिरलाय, काही बघायचं नाही. हात वर! कुणाचं बोट चेमटून घ्यायला मी तिथे जात नाहीये.

पहिल्यांदा वाजवली तेव्हा तोफेने पाना हवेत फेकला आणि तो नवाबाच्या डब्यात पडला. दुसऱ्यांदा बरं झालं. शेवटी शेवटी तर असं व्हायला लागलं की मी शिट्टी तोंडाकडे नेली तरी हात वर! मजा वाटली. सर्किट सर कोपऱ्यातून बघत होते. "बाई, हे विलक्षण आहे," म्हणाले. मी म्हटलं, विलक्षण काही नाही, तुम्ही पोरांना लाजता म्हणून तुमची पोरं तुम्हाला घाबरत नाहीत.

हे जरा जास्तच झालं. पण ते हसले.

११ फेब्रुवारी

हॉलमध्येच सराव चालतो. म्हणजे माझा हॉल घालवायची तालीम माझ्याच हॉलमध्ये. वा!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज फरशीवाला आला होता. सोबत एक माणूस टेप घेऊन. त्यांनी हॉल मोजला. स्पर्धा अजून व्हायची आहे आणि हे मोजून मोकळे! मी उंच उडीच्या गादीवर पाय सोडून बसले होते. टेपवाल्याला गादीखालचं माप हवं होतं.

"बाई, जरा उठता का?"

"नाही."

तो आजूबाजूने मोजून गेला. फरशीवाला फार सभ्य माणूस आहे, हीच तर अडचण. वाईट असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, "मला लहानपणी यंत्रं उघडून बघायची हौस होती, कुणी हात लावू दिला नाही." आता अशा माणसाला शिव्या कशा घालायच्या? मी प्रयत्न केला, मनात. जमलं नाही.

पण जीव कासावीस झाला. टेप ओढल्याचा तो आवाज! लिहून ठेवते — मला हा हॉल सोडायचा नाही. बावीस-तेवीस वर्षं मी इथे पोरं पळवली. घरात मी कुणाची सून, कुणाची बायको, स्टाफरूममध्ये तर मी नुसती "त्या खेळाच्या". हॉलमध्ये मी मी असते. बस.

१५ फेब्रुवारी

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मला मजा येतेय. कुणाला सांगायचं नाही!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरी बदलायचा सराव. हे काम दिसायला सोपं. जुनी बाहेर, नवी आत, वायरीचा प्लग जोडायचा, आणि प्लगवर एक पिवळी चिमटी असते ती दाबायची. खटकन आवाज आला पाहिजे. नाही दाबली तर गेंडा सुरू होतो, चालतो, सगळं झकास — आणि पहिला मोठा धक्का बसला की प्लग निसटून भर मैदानात मरतो. मग फेरी संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम. गेल्या वर्षी असा एकदा मेला होता म्हणे. नवाब अजून ते आठवून गप्प होतो. नवाब गप्प होतो म्हणजे प्रसंग किती मोठा असेल बघा.

तोफेला दिलं — चार वेळा केलं, एकदा चिमटी विसरला. वकिलाला दिलं — चिमटीची गरजच काय, यावर भाषण. गोगलगायीला दिलं. तिने सगळ्यात जास्त वेळ घेतला. पण दर वेळी खटकन. दर वेळी! आणि मग चिमटीवरून एकदा अंगठा फिरवून बघते. मी न सांगता.

सर्किट सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "प्रार्थनेबद्दल मी जे म्हणालो ते मागे घेतो," म्हणाले.

२० फेब्रुवारी

आज दिवसभर सामानाची बांधाबांध. वकिलाचं म्हणणं, पाने आकाराप्रमाणे ठेवायचे. तोफेचं म्हणणं, जो जास्त लागतो तो वर. दोघांचं भांडण चालू असताना गोगलगायीने सगळे पाने दोरीत ओवून तिच्या पद्धतीने लावून टाकले. पद्धत काय ते कळलं नाही. पण मागेल तो पाना तिच्या हातात असतो.

घरी आल्यावर हे म्हणाले, "ठरलं का?" म्हटलं, काय? म्हणाले, "तेच, जिंकायचंय की हरायचंय." मी भांडी आदळली. तेच माझं उत्तर.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते कुणापुढे बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

स्पर्धेचं ठिकाण म्हणजे एक प्रचंड शेड. मधे दोन मैदानं, त्यांच्या कडेने पडदे लावून पिट. आमचं पिट मैदानाला अगदी खेटून. मी खूश, मुलांना धावायला लागणार नाही! पहिली फेरी जिंकलो. दुसरी पण. माझी पोरं अशी काम करत होती की शेजारच्या पिटमधली मुलं सँडविच खायचं विसरून बघत होती. माझी छाती फुगलेली.

तोवर एकटा पंच झेंडीवर भागवत होता, मग दुसऱ्या मैदानावरही सामने सुरू झाले. दोन मैदानं, दोन पंच. एवढ्या गोंगाटात पंच काय वाजवतो?

शिट्टी!

पहिली शिट्टी झाली आणि माझ्या तिन्ही पोरांचे हात वर. एक पाऊल मागे. गेंडा उघडा पडलेला. "अरे, ती आपली नाही!" मी ओरडले. हात खाली. काम सुरू. परत शिट्टी. परत हात वर! शेजारच्या पिटमधल्यांना वाटलं आमच्यावर दरोडा पडलाय. एका मुलीने तर स्वतःचेही हात वर केले, सोबत म्हणून. पोरांचा काही दोष नाही. मीच त्यांच्या हाडात शिट्टी भिनवली आणि स्पर्धेत शिट्टी असते हे मला, खेळाच्या बाईला, आयुष्यभर गळ्यात शिट्टी घालून फिरणाऱ्या बाईला सुचलं नाही!

तिसऱ्या फेरीआधी तोफ गेंड्याच्या खांद्याचा बोल्ट आवळत होता. शिट्टी. हात वर. तेवढ्यात आम्हाला मैदानात बोलावलं. घाई. अर्धा आवळलेला बोल्ट तसाच राहिला. वकील तपासायला वाकला होता, पण त्याचेही हात वरच होते ना! गेंडा मैदानात गेला, चेंडू उचलला, टोपलीपाशी पोचला आणि त्याचा हात खांद्यापासून गळून पडला. धाडकन. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे.

हरलो. आता उद्याच्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या तरच आशा.

पिटमध्ये परत आलो तेव्हा सर्किट सर पांढरेफटक. ते ओरडत नाहीत, त्यामुळे ओरडायला लागल्यावर त्यांना कुठे थांबायचं ते कळेना. "तुम्ही मुद्दाम केलंत, बाई! आम्ही जिंकलो तर तुमचा हॉल जातो, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे. हरलो की हॉल तुमचा. सरळ हिशोब आहे!"

सगळ्यांसमोर. माझ्या पोरांसमोर. माझ्या पोरांना हॉलचं काही माहीत नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं.

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. मी या बाबतीत कधी मागे राहत नाही. पण डोळ्यांत पाणी आलं आणि मग मी पाने पुसायला घेतले. पाने स्वच्छच होते.

नंतर

सामान आवरताना बाकीचे पुढे गेले. गोगलगाय मागे राहिली. कधी नव्हे ते तिनेच तोंड उघडलं.

"बाई, हॉल खरंच जाणार?"

"जिंकलो तर जाणार."

"दोर पण?"

"प्रयोगशाळेत दोर कशाला लागतोय?"

"आणि हरलो तर?"

"हरलो तर राहील. आता डोकं खाऊ नकोस, चार्जर उचल."

तिने चार्जर उचलला. मला वाटलं, हिला तरी सरांचं बोलणं खरं वाटलं नसावं. पण पोरीच्या चेहऱ्यावरून काय कळतं? काहीच कळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सकाळी शिट्टी गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली. मान एकदम हलकी, चुकल्यासारखं वाटायला लागलं. मग मुलांना म्हटलं, नवीन खूण हवी. असा शब्द जो या शेडमध्ये दुसरं कुणी चुकूनही ओरडणार नाही. तोफ म्हणाला, भोपळा! वकील म्हणाला, "पण बाई, भोपळा म्हणजे शून्य गुण, फलकाकडे बघून कोणीतरी ओरडेलच." मुद्दा रास्त. शेवटी "उशी" ठरलं.

"उशी!" — हात वर. दिवसभर आमच्या पिटमधून उशी, उशी. शेजारच्यांनी विचारलं, तुमच्याकडे झोपायची सोय आहे का?

सर्किट सर आले. दाढी केलेली, गालावर कापलेलं. "बाई, काल मी जे बोललो..." मी म्हटलं, "बोललात. ऐकलं. आता ते नट वेगळे करा." त्यांनी मुकाट्याने नट वेगळे केले. माझा राग गेला नाही, पण नट वेगळे झाले.

पहिली फेरी जिंकलो. दुसरीत एक चाक मोडलं. तोफेने ते असं बदललं की वकिलाला "पण" म्हणायलाही वेळ मिळाला नाही. जिंकलो. उपांत्य फेरी घासून जिंकलो. नवाब मैदानातून येऊन चक्क माझ्या पाया पडायला वाकला. म्हटलं, ऊठ, हात पूस आधी, ग्रीस लागलंय.

आणि अंतिम.

हे नीट लिहायचंय.

बॅटरी बदलून झाली होती. वकिलाने चाकं बघितली, हात बघितला. गेंड्याला ढकलगाडीवर चढवलं. मी बाजूला उभी. आणि मला दिसलं. पिवळी चिमटी उभी. प्लग जोडलेला, पण चिमटी दाबलेली नाही. कुणाचंच लक्ष नाही. सर रिमोटची बॅटरी बघतायत, तोफ पडदा बाजूला करतोय, गोगलगाय गेंड्याला अगदी चिकटून उभी आणि दुसरीकडेच बघतेय. थकली असणार बिचारी, मला वाटलं. सगळ्या सरावात एकदाही चुकली नाही आणि नेमकी आता!

पहिला धक्का बसला की संपलं. गेंडा मरेल. कुणाला काही कळणार नाही. प्लग निसटतातच. मी काही केलंय असं कुणी म्हणणार नाही, कारण मी काही केलेलंच नसेल. फक्त गप्प राहायचं.

गप्प राहिले. किती वेळ माहीत नाही. एक श्वास असेल. त्या एका श्वासात मी सगळा हॉल बघून आले. खिडक्यांतून येणारं ऊन, गादी, ती करकरणारी फळी. देवाशप्पथ सांगते, मला गप्प राहायचं होतं.

मग नवाब दिसला. ओठ चावत होता. तोफ पडदा धरून उभा होता, एवढ्या ऐटीत की जणू राजाची स्वारी निघालीय. दिवसभर या पोरांनी माझ्या एका शब्दावर हात वर केले होते.

"गोगलगाय! चिमटी!"

आणि काय सांगू! माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि खटकन आवाज आला. तिने शोधलं नाही, वाकून बघितलं नाही, हात थेट चिमटीवर. मग अंगठा फिरवला. ही ती प्रार्थनेला उशिरा येणारी मुलगी! मला इतका अभिमान वाटला की हॉलचं विसरायलाच झालं. शिकवलेलं असं हाताला चढतं तेव्हा कळतं की आपण आयुष्य अगदीच वाया घालवलं नाही.

गेंड्याला तीन मोठे धक्के बसले. एकदाही मेला नाही.

जिंकलो. मी पण ओरडले. तोफेपेक्षा जोरात.

घरी आल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. कवळी बाजूला ठेवून पाणी आणून दिलं. मग मी रडले. आनंदाने की कशाने, ते त्यांनी पण विचारलं नाही आणि मी पण नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत फलक, फुलं, भाषणं. मोठ्या बाईंच्या भाषणात "शिस्त" हा शब्द इतक्या वेळा आला की तोफेला सारखं हसू येत होतं. फरशीवाला स्टेजवर, डोळे ओले. सर्किट सरांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "हा विजय पिटचा आहे, आणि शनिवारी मी एका सहकाऱ्याबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं." सगळ्या शाळेसमोर! हे मला अपेक्षित नव्हतं. आता त्यांच्यावर चिडून राहणं अवघड. निदान या आठवड्यात तरी.

मग मोठ्या बाईंनी किल्ली मागितली. दिली. "गच्ची आहे ना तुम्हाला, मोकळी हवा," म्हणाल्या. गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि मधे एक उन्हात तापणारी पट्टी. मी म्हटलं, हो, टाक्यांवरून उड्या मारायला शिकवीन. त्यांना विनोद कळला नाही. कदाचित मी विनोद केलाच नव्हता.

२६ फेब्रुवारी

सुतार आले. फळ्या उचकटायला लागले. मी तिकडे फिरकले नाही. स्टाफरूममध्ये बसून नववीच्या गुणपत्रिका चुकीच्या भरल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दोर उतरवला होता. गुंडाळून घ्यायला गेले. गोगलगाय तिथे आधीच येऊन बसलेली, दोराचं टोक मांडीवर घेऊन. मी म्हटलं, गच्चीवर कुठेतरी टांगू गं. ती म्हणाली, "बाई, ती चिमटी मी विसरले नव्हते. दाबून परत उघडली होती. हॉल राहावा म्हणून."

मी ओरडायला तोंड उघडलं.  बाहेर भलतंच आलं — मग मी म्हटल्याबरोबर दाबलीस कशाला?

"तुम्ही सांगितलंत ना, बाई."